वृद्धत्वाचं संशोधन : तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात पेशी म्हाताऱ्या कशा होतात यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत पेशींबद्दल विचारणारी पत्रं थोडीच. बहुतेकांना विचारायचं होतं ते या विषयात पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींबद्दल, आणि त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्या, चालून दाखवणाऱ्या माणसांबद्दल. म्हणून या वेळचं सदर त्या पत्रांनाच दिलंय. माझी स्वतःची पीएच.डी. सूत्रकृमींच्या आयुर्मानावरची. पुढे पुण्यात प्रयोगशाळा चालवली, आणि निवृत्त झाल्यावरही प्रबंध तपासायला येतात ते आवडीने तपासते. मी वैद्यकीय डॉक्टर नाही. औषधांबद्दल खाली जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अमलात आणू नका.

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. झाली, नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळालं. आता तिला वृद्धत्वाच्या जीवशास्त्रात पीएच.डी. करायची आहे आणि तीही किड्यांवर. पाच-सहा वर्षं जाणार म्हणते. पाहुणे विचारतात, डॉक्टर होणार म्हणजे पेशंट तपासणार का? मला तिला अडवायचं नाही. पण किड्याच्या म्हातारपणातून माणसाला काय मिळणार, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगा.
— एक वडील, विटा (जि. सांगली)

उत्तर : समजावून घ्यायची तयारी असलेला बाप घरी असणं ही मुलीची निम्मी शिष्यवृत्ती आहे, हे आधी सांगते.

हा किडा पिकाला लागणारा नाही, पोटात होणाराही नाही. कुजलेल्या फळांवर, पालापाचोळ्यात राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक सूत्रकृमी. प्रयोगशाळेत सगळे त्याला 'एलेगन्स' म्हणतात. पूर्ण वाढलेल्या उभयलिंगी कृमीच्या शरीरात, प्रजननपेशी सोडल्या तर, 959 पेशी असतात, आणि त्यातली प्रत्येक पेशी कुठल्या पेशीपासून झाली हे माहीत आहे. अंडं ते अंडी घालणारा प्रौढ हा प्रवास तो सुमारे तीन दिवसांत करतो आणि 20 अंश सेल्सियसला दोन-तीन आठवडे जगतो. त्याला म्हातारपण येतं ते खरोखरचं. हालचाल मंदावते, स्नायूंची ठेवण विस्कटते, खाणं कमी होतं. माणसात जे बघायला सत्तर वर्षं लागतील ते इथे महिन्याच्या आत डोळ्यांसमोर घडतं. तुमच्या मुलीच्या हातात वर्षं मोजकीच आहेत, तेव्हा तिने हा प्राणी निवडला यात शहाणपण आहे.

आता माणसाला काय मिळालं ते. 1993 साली कॅलिफोर्नियात सिंथिया केन्यन यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की 'डॅफ-2' नावाच्या एका जनुकात बदल झालेले कृमी जवळजवळ दुप्पट जगतात. नुसते पडून राहत नाहीत, बाकीचे थकले तरी हे सरपटत असतात. त्याआधी 1980च्या दशकात मायकेल क्लास आणि टॉम जॉन्सन यांनी दीर्घायुषी कृमी शोधले होते, पण आयुर्मानासारखी गुंतागुंतीची गोष्ट एखाद्या जनुकाने एवढी बदलेल यावर फार जणांचा विश्वास नव्हता. 1997 साली गॅरी रव्हकन यांच्या गटाने हे जनुक वाचलं. ते निघालं इन्सुलिनचा निरोप पेशीपर्यंत पोचवणाऱ्या ग्राहक-प्रथिनाचं. म्हणजे जे इन्सुलिन मधुमेहामुळे आपल्या घराघरात माहीत झालंय, त्याच्याच घराण्यातलं. त्या वाटेवर पुढे जे जनुक काम करतं त्याचं माणसातलं भावंड म्हणजे 'फॉक्सो-3'. 2008 साली हवाईमधल्या जपानी वंशाच्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खूप म्हातारे होईपर्यंत जगलेल्यांत या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार जास्त आढळला, आणि नंतर इतर देशांतही तसंच दिसलं. माणसात त्याचा परिणाम लहान आहे आणि त्यावरून आयुष्य वाढवायची गोळी तयार झालेली नाही. पण शोधायचं कुठे, हे त्या मिलिमीटरभर जिवाने दाखवलं.

मुलगी रोज काय करील तेही ऐका. आगर नावाच्या जेलीच्या बशीत जिवाणूंचा पातळ थर असतो, ते कृमींचं खाणं. प्लॅटिनमच्या बारीक तारेचं टोक स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं, निवू द्यायचं, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कृमी अलगद उचलून नव्या बशीत ठेवायचा. पिल्लांच्या गर्दीत मूळचे हरवू नयेत म्हणून हे वारंवार करावं लागतं, कारण एकेकाला तीनशेच्या आसपास पिल्लं होतात. मग तारेने हलकेच स्पर्श करायचा. हलला तर जिवंत, नाही हलला तर मृत, आणि तशी नोंद. बशीच्या भिंतीवर चढून वाळून गेलेले वेगळे नोंदवायचे, कारण ते म्हातारपणाने गेलेले नाहीत. तापमान चढलं की आयुष्य आखडतं, त्यामुळे वीज गेली की जीव खालीवर होतो. मोजणी चालू असताना दिवाळी आली तर पाडव्याला ती घरी नसेल. तेव्हा रागवू नका, आईलाही सांगून ठेवा.

पैशांचं स्पष्ट लिहिते. जानेवारी 2023पासून जेआरएफला पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. कागदावर हे बरं आहे, पण रक्कम कधी कधी महिनोन्महिने अडकते. सुरुवातीचा काळ घरून आधार लागेल असं धरून चाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांत पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे आणि बाळंतपणाची 240 दिवसांची रजाही आहे. लग्नाची चर्चा निघालीच तर हे शेवटचं वाक्य पाहुण्यांना वाचून दाखवा.

जागा पुष्कळ आहेत. पुण्यात आयसर, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आघारकर संस्था. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था, खारघरला अ‍ॅक्ट्रेक. बाहेर बंगळुरू, हैदराबाद, दिल्ली. पण संस्थेच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा, हे मी अनुभवाने सांगते. मुलीला म्हणावं, गाइड खोलीत नसताना त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना भेट. किती जण पूर्ण करून बाहेर पडले, किती वर्षांत, आता कुठे आहेत, मध्येच सोडून कोण गेलं आणि का, हे विचार. उत्तर देताना मुलं एकमेकांकडे पाहायला लागली तर तिथे जाऊ नकोस.

आणि तिला कॅरोल ग्रायडरबद्दल सांगा. 1984 साली अमेरिकेत, बर्कलीच्या विद्यापीठात ती एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्याकडे पीएच.डी.ची नवी विद्यार्थिनी होती. प्राणी होता टेट्राहायमिना, तळ्यातला एकपेशीय जीव. त्या वर्षी नाताळच्या दिवशी ती प्रयोगशाळेत प्रयोगाचा निकाल उमटलेली फिल्म पाहायला गेली आणि गुणसूत्रांची टोकं लांबवणाऱ्या विकराची, टेलोमरेझची, पहिली खूण तिला त्या फिल्मवर दिसली. पेशींचं म्हातारपण आणि कर्करोग या दोन्हींचा अभ्यास त्यानंतर बदलला. 2009चं नोबेल तिला, ब्लॅकबर्न यांना आणि जॅक शॉस्टाक यांना मिळून दिलं गेलं. तळ्यातल्या जिवातून माणसाला काय मिळणार, हा प्रश्न तिच्याही घरी कुणी विचारला असेल तर मला नवल वाटणार नाही.

पाहुण्यांना सांगा, पेशंट तपासणार नाही. म्हातारपणी माणूस पेशंट का होतो ते शोधणार आहे.

प्रश्न : वय 71, निवृत्त शिक्षिका. वैद्यकीय महाविद्यालयातली एक मुलगी पीएच.डी.साठी आमच्या भागातल्या ज्येष्ठांची तपासणी करते आहे. रक्त घेणार, हाताची पकड मोजणार, चालायला लावणार आणि स्मरणशक्तीचे प्रश्न विचारणार. मुलगी गोड आहे, पण सून म्हणते, नसती कटकट कशाला, रक्ताचं पुढे काय करतात कोण जाणे. सही करू का?
— चिपळूण

उत्तर : बाई, आधी कागद वाचा, मग सही करा. तुम्ही आयुष्यभर मुलांना तेच शिकवलं असणार.

त्या मुलीकडे मराठीत छापलेलं माहितीपत्रक असायला हवं. त्यात अभ्यास कशासाठी आहे, रक्त किती घेणार, ते किती काळ साठवणार, त्यातून आनुवंशिक तपासणी करणार का, नाव कसं झाकणार, हे तुम्हाला कळेल अशा भाषेत लिहिलेलं हवं. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि समितीच्या सचिवांचा फोन नंबर त्यावर हवा. तुमची एक प्रत तुम्हाला मिळायला हवी. अभ्यासातून कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमच्या दवाखान्यातल्या उपचारांत काही फरक पडता कामा नये. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई हा तुमचा हक्क आहे. एक पैसाही तुमच्याकडून मागितला जाता कामा नये. रक्त साठवायला हो आणि आनुवंशिक तपासणीला नाही, असं वेगवेगळं उत्तर देता येतं का, हेही विचारा. चांगल्या अर्जात त्या दोन सह्या वेगळ्या असतात. सुनेला शेजारी बसवून तिच्या शंका तिलाच विचारू द्या.

आणखी एक. ही तपासणी म्हणजे उपचार नव्हे. फार जण तिथे फसतात, आपलं आता काहीतरी होणार अशा आशेने जातात. तपासणीत काही वेगळं आढळलं तर मला कळवणार का, एवढं मात्र विचारून ठेवा.

आता ती पकड का मोजते ते सांगते. हातात धरायचं एक यंत्र असतं, ते जोरात दाबायचं. म्हातारपणी स्नायू किती उतरले, पुढे पडण्याचा, परावलंबी होण्याचा धोका किती, याचा अंदाज त्या आकड्यावरून आणि चालण्याच्या वेगावरून बराच चांगला येतो. स्नायूक्षयासाठी 2019 साली आशियाई तज्ज्ञगटाने मर्यादा ठरवल्या. पकड पुरुषांची 28 किलोच्या आत, स्त्रियांची 18 किलोच्या आत. चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी. पण त्यामागची बरीचशी मोजमापं पूर्व आशियातल्या माणसांची आहेत. कोकणातली 71 वर्षांची बाई, जिने पाणी भरलं, घाटी चढली, आणि कदाचित आयुष्यभर प्रथिनं कमी खाल्ली, तिची पकड किती असते, आणि कितीच्या खाली गेली की काळजी करायची? हे मोजल्याशिवाय कसं कळणार? ती मुलगी तेच मोजते आहे. तुमच्याशिवाय तिचा प्रबंध होत नाही आणि प्रबंधाशिवाय पुढच्या डॉक्टरांना आकडा मिळत नाही.

आपल्याकडे माणसांनी हे दिलेलं आहे. 1993 साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या त्या बायकांनी काय खाल्लं, किती काम केलं ते नोंदवलं, बाळं मोजली. बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5 किलो. पण ही बाळं दिसायला बारीक असली तरी त्या मानाने चरबी राखून होती. प्रौढपणी आपल्याला मधुमेह लवकर का गाठतो याचा एक धागा गर्भापर्यंत जातो, हे त्या खेड्यांनी जगाला दाखवलं. तीच मुलं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासणीला आली. त्या बायकांची नावं कुठल्याही शोधनिबंधात नाहीत. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो, आणि तुम्ही कागद वाचून हो म्हणालात तर तुमच्याबद्दलही वाटेल.

प्रश्न : एका कंपनीची 'बायोलॉजिकल एज' चाचणी आहे. लाळेवरून शरीराचं खरं वय सांगतात. करावी का? वय 48.
— वाशी, नवी मुंबई

उत्तर : करू नका. डीएनएवर ठरावीक जागी बसणाऱ्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणांवरून वय ओळखता येतं, हे शास्त्र खरं आहे. 2013 साली स्टीव्ह होर्वाथ यांनी अशा 353 जागांवरून वय सांगणारं गणित मांडलं आणि संशोधनात ते फार उपयोगी ठरलं. पण ते गटांच्या तुलनेसाठी. एकट्या माणसाचं वय त्यावरून सांगणं म्हणजे जिल्ह्याच्या सरासरीवरून तुमच्या अंगणात किती पाऊस पडला हे सांगण्यासारखं होतं. एकाच नमुन्याची चाचणी पुन्हा केली तरी काही वर्षांचा फरक येऊ शकतो. तेच पैसे रक्तदाब, तीन महिन्यांची साखर, डोळे, कान आणि दात यांवर खर्च करा.

प्रश्न : मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे. एका वनस्पतिजन्य अर्काने म्हाताऱ्या उंदरांची स्मृती आणि चपळाई सुधारते का, हे पाहत होतो. दोन वर्षं उंदीर सांभाळले. काहीही फरक नाही. सर म्हणतात, यात 'स्टोरी' नाही. एक सीनियर म्हणाला, दोन-चार उंदीर 'आउटलायर' म्हणून, म्हणजे बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे म्हणून, काढले तर फरक दिसेल. झोप लागत नाही.
— नाव-गाव छापू नये

उत्तर : उंदीर काढायचे नाहीत. कुठला प्राणी कुठल्या कारणाने वगळायचा हे प्रयोग सुरू होण्याआधी लिहिलेलं असेल तर तेवढंच लागू करायचं. आकडे पाहून झाल्यावर काढलेला उंदीर म्हणजे खोटी नोंद, सीनियर कितीही प्रेमाने सांगत असला तरी. आणि ते प्राणी तुझ्या प्रयोगासाठी मेलेत, बाळा. त्यांच्याबद्दल खरं लिहिणं एवढं तरी आपण देणं लागतो.

आता 'काहीही फरक नाही' याबद्दल. अमेरिकेत राष्ट्रीय वृद्धत्व संस्थेचा एक कार्यक्रम आहे. आयुष्य वाढवतील असे पदार्थ तिथे मेन, मिशिगन आणि टेक्सास अशा तीन ठिकाणी, एकाच वेळी, एकाच जातीच्या उंदरांवर तपासतात. रेड वाइनमधल्या रेझवेरॅट्रॉलचा केवढा गाजावाजा झाला होता. तिथे आयुष्य वाढलं नाही. हिरव्या चहाच्या अर्काने नाही वाढलं. आपल्या हळदीतल्या कर्क्युमिननेही नाही. 2013 साली हे सगळं जसंच्या तसं छापलं. तो शोधनिबंध नसता तर किती प्रयोगशाळांनी किती उंदीर पुन्हा त्याच वाटेवर घातले असते! नकारार्थी निष्कर्ष छापणं हा या क्षेत्रातला उपकार आहे आणि तो करायला हिंमत लागते.

तुझ्या सरांना माकडांची गोष्ट आठवण करून दे. कमी खाल्लं तर उंदीर जास्त जगतात हे 1935 साली क्लाइव्ह मॅके यांनी दाखवलं. मग माकडांचं काय? अमेरिकेत 1980च्या दशकाच्या अखेरीस दोन अभ्यास सुरू झाले. ऱ्हीसस माकडं पंचवीस-तीस वर्षं जगतात, त्यामुळे उत्तर यायला तेवढाच काळ लागला. 2009 साली विस्कॉन्सिनच्या गटाने सांगितलं, कमी खाणारी माकडं जास्त निरोगी आणि दीर्घायुषी. 2012 साली राष्ट्रीय संस्थेच्या गटाने सांगितलं, आयुष्यात फरक नाही. दोन्ही गट प्रामाणिक होते. मग दोघांनी एकत्र बसून एकमेकांच्या नोंदी तपासल्या आणि 2017 साली मिळून निबंध लिहिला. विस्कॉन्सिनच्या खाद्यात साखर सुमारे 28.5 टक्के होती, दुसरीकडे जेमतेम 4 टक्के. विस्कॉन्सिनची तुलनेतली माकडं मनसोक्त खात होती, दुसरीकडची मोजून. प्रयोग सुरू करतानाची वयंही वेगळी. म्हणजे 'फरक नाही' या उत्तरातच प्रश्न दडला होता: कशाच्या तुलनेत फरक? आयुष्य मोजायचं तर आयुष्याएवढा धीर लागतो. त्या लोकांनी तो धरला. एक गट जरी आकडे ओढूनताणून दुसऱ्याला जुळवायला गेला असता तर हे कळलंच नसतं.

तेव्हा तुझ्या प्रबंधाचं काम असं. अर्क रक्तात आणि मेंदूत पोचला होता का, मोजलंस? मात्रा किती, किती वयापासून? नर आणि मादी वेगळे पाहिलेस? जो फरक पकडायचा होता तो पकडायला तुझे उंदीर पुरेसे होते का, याचं गणित मांड. यातलं जे केलंयस ते ठामपणे लिही, जे केलं नाहीस तेही लिही. मी तपासलेल्या चांगल्या प्रबंधांत 'फरक आढळला नाही' असे बरेच आहेत. परीक्षक त्यावर कठीण प्रश्न विचारतात आणि विद्यार्थी ताठ मानेने उत्तरं देतात. सर ऐकत नसतील तर तुझ्या संशोधन सल्लागार समितीपुढे हे ठेव, ती त्यासाठीच असते.

झोपेचं मात्र दुय्यम समजू नकोस. संस्थेत समुपदेशक असतील तर याच आठवड्यात भेट, नसतील तर बाहेरच्या डॉक्टरांना. घरी कुणाला तरी सांग. प्रबंध चार महिने उशिरा झाला तर चालतो.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. तिथले त्याचे काही मित्र म्हातारपण लांबवायला आठवड्यातून एकदा रॅपामायसिन घेतात म्हणे. 'बाबा, तुमच्यासाठी विचारू का?' म्हणतो. माझं वय 68, साखर थोडी जास्त.
— ठाणे

उत्तर : मुलाला माझा निरोप द्या: नको. पण या औषधाची कहाणी त्याला जरूर सांगा, कारण तिचा एक भाग त्याच्याच राज्यात घडला.

1964 साली कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम ईस्टर बेटावर गेली. बेटाचं तिथलं नाव रापा नुई. तिथल्या मातीच्या नमुन्यातल्या जिवाणूपासून मॉन्ट्रियलमधल्या एका औषध कंपनीत सुरेन्द्रनाथ सेहगल यांच्या गटाने हे द्रव्य वेगळं केलं. सेहगल अखंड पंजाबात जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले, पीएच.डी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलची. कंपनीने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, काम थांबवलं. सेहगल न्यू जर्सीला गेले, पण जाताना जिवाणूचा साठा घरच्या फ्रीजरमध्ये जपून नेला. पुढे कंपनी बदलली, त्यांनी पुन्हा पाठपुरावा केला, आणि 1999 साली मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतरचं औषध म्हणून त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. 2003 साली ते गेले. मघाशी सांगितलेल्या तीन ठिकाणांच्या कार्यक्रमात ते उंदरांना देण्यात आलं, आणि 2009 साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. खाद्यात ते टिकत नव्हतं, त्यावर उपाय सापडेपर्यंत उंदीर 600 दिवसांचे, म्हणजे चांगले म्हातारे झाले होते. तरीही तिन्ही ठिकाणी आयुष्य वाढलं. म्हातारपणी सुरू करूनही उपयोग होतो, हे पाहून आम्ही सगळे थक्क झालो होतो.

पण ते उंदीर स्वच्छ, जपलेल्या पिंजऱ्यांत होते. हे औषध प्रतिकारशक्ती दाबणारं आहे. आपल्याकडे कित्येकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात, ते जागे होण्याची भीती खरी आहे. तोंडात फोड येतात, जखम भरायला वेळ लागतो, कोलेस्टेरॉल आणि साखर वाढू शकते, आणि तुमची साखर आधीच वर आहे. बुरशीवरची काही औषधं, काही प्रतिजैविकं यांच्यासोबत रक्तातली त्याची मात्रा एकदम चढते. निरोगी माणसाचं आयुष्य याने वाढतं असं अजून कुठल्याही चाचणीने दाखवलेलं नाही. मुलाला म्हणावं, गोळ्यांऐवजी रोज फोन कर आणि बाबा चालून आले का ते विचार.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा नावापुरती. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. आहे. या विषयात मला काही करता येईल का?
— उदगीर

उत्तर : येईल, आणि प्रयोगशाळेवाचून येईल. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने 2017-18मध्ये 'लासी' या देशव्यापी पाहणीची पहिली फेरी केली. 45 वर्षांवरच्या सुमारे 72,000 माणसांचं आरोग्य, उत्पन्न, कुटुंब, पकड, स्मृती, झोप, सगळं त्यात आहे. संशोधकांना ही माहिती रीतसर अर्ज केल्यावर मिळते. मराठवाड्यातल्या एकट्या राहणाऱ्या बायकांचं आरोग्य, ऊसतोडीला मुलं गेल्यावर मागे राहिलेली म्हातारी माणसं, असे तुला गावात दिसणारे प्रश्न घेऊन त्या आकड्यांकडे जा. शिष्यवृत्तीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती यांपैकी जी लागू असेल तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेव.

प्रश्न : मी सरकारी रुग्णालयात अस्थिरोग वॉर्डात परिचारिका आहे, एम.एस्सी. नर्सिंग झालंय, वय 46. खुब्याचं हाड मोडून आलेले म्हातारे पेशंट ऑपरेशननंतर रात्री बरळायला लागतात, सलाईन उपसतात. नातेवाईक म्हणतात वेड लागलं. मला यावर पीएच.डी. करावीशी वाटते. या वयात हसतील का?
— सोलापूर

उत्तर : सिस्टर, या अंकातलं सगळ्यात चांगलं संशोधन तुमच्या पत्रात आहे.

तुम्ही सांगता तो 'डिलिरियम'. तो वेड नाही, पण दुर्लक्ष केलं तर पेशंट त्यातून खचतो, रुग्णालयातला मुक्काम वाढतो, पुढे स्मृतीवर परिणाम राहू शकतो. तो ओळखायची सोपी पद्धत 1990 साली शेरॉन इनोये आणि सहकाऱ्यांनी तयार केली. मग अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्यांच्या गटाने 852 ज्येष्ठ रुग्णांच्या अभ्यासात साधे उपाय करून पाहिले. चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवणं, पाणी पाजत राहणं, लवकर चालवणं, रात्री झोपेत व्यत्यय न आणणं, दिवस-वार-जागेची आठवण करून देत राहणं. 1999 साली निकाल प्रसिद्ध झाला. नेहमीच्या शुश्रूषेत 15 टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या उपायांच्या गटात 9.9 टक्के. औषध एकही नाही, सगळं शुश्रूषेचं काम.

आता तुमचा वॉर्ड बघा. तिकडे ते काम प्रशिक्षित स्वयंसेवक करतात. आपल्याकडे पेशंटच्या उशाशी रात्रभर सून, मुलगा, नात बसलेली असते. त्यांना हे शिकवलं तर डिलिरियम कमी होतो का? आणि सोलापुरात पेशंट मराठी बोलेल, कन्नड बोलेल, तेलुगू बोलेल. लक्ष देण्याची चाचणी, 'वार उलटे म्हणा', ही त्याच्या भाषेत घेतली नाही तर त्याला भ्रम झालाय की प्रश्न कळला नाही, हे कसं ठरवणार? हा प्रश्न येलला पडू शकत नाही. तो तुम्हालाच पडतो, कारण रात्रपाळी तुमची असते.

वयाचं विसरा. जेआरएफला वयोमर्यादा असते, पीएच.डी.च्या प्रवेशाला विद्यापीठ अनुदान आयोगाने ती घातलेली नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी रुग्णालयाकडून ना हरकत प्रमाणपत्र लागेल. ते मिळायला वेळ लागतो म्हणून अर्ज आताच द्या. विद्यापीठाची मान्यता असलेला गाइड शोधा आणि वॉर्डच्या प्रमुख सर्जनना तुमच्या बाजूने वळवा. त्यांना डोकेदुखी होणारा पेशंटच हा आहे, ते ऐकतील. एक काळजी घ्या. नैतिकता समितीची मंजुरी मिळेपर्यंत संशोधनासाठी म्हणून पेशंटच्या नोंदी गोळा करू नका, मनात कितीही आलं तरी. तोवर एकच करा. तुमचा प्रश्न, कुणाला विचारणार, काय मोजणार आणि किती दिवस, हे एका पानात मराठीत लिहून काढा आणि मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. मी वाचून, खुणा करून परत पाठवीन.